अन्नवस्त्राचा दर

जन्मतः बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला पोसायचे कोणी आणि कितपत, हा प्रश्न धर्मशास्त्राने वाटणीच्या प्रकरणातच मिटवला होता. मनू आणि याज्ञवल्क्य दोघांनीही 'जडा'ला वडिलार्जित मालमत्तेत हिस्सा नाकारला; पण त्याला आमरण अन्नवस्त्र देण्याचा भार वाटेकऱ्यांवर टाकला. त्याचा मुलगा निर्दोष असेल तर त्याला हिस्सा मिळे आणि मुलीला लग्न होईपर्यंत पोसावे लागे. रकमेचा आकडा मात्र कुठेच नाही. मनूने तो घराच्या ऐपतीवर सोडला.

पैठण हे अशा निर्णयांचे पीठ. तिथले रामेश्वर भट्ट सोळाव्या शतकात काशीला गेले. त्यांचे पणतू नीलकंठ भट्ट यांच्या 'व्यवहारमयूख' ग्रंथातही हाच नियम आहे आणि इंग्रजी अमलात मुंबई, उत्तर कोकण व गुजरातची न्यायालये त्या ग्रंथाला प्रमाण मानत. ब्रिटिश हिंदुस्थानात 1928च्या कायद्याने आंधळ्या-पांगळ्यांना वारसाहक्क दिला, पण जन्मजात वेडे व मतिमंद तेवढे वगळले. ती अपात्रता 1956च्या हिंदू वारसा कायद्याने संपली. पैठण तोवर निजामाच्या राज्यातून भारतात आले होते. घराबाहेरची सोय म्हणाल तर निजामी अमलातले मनोरुग्णालय जवळच जालन्याला होते. ते 1953मध्ये हैदराबादला हलले.

केवळ मतिमंद मुलांसाठी निवासी सोय मुंबईत 1941मध्ये मानखुर्दला झाली. पुढे स्वयंसेवी संस्थांच्या निवासी शाळा वाढल्या आणि ऐपतीची जागा सरकारी दराने घेतली. अनुदानित शाळेत मंजूर पदांचा पगार वेगळा येतो. मुलाच्या जेवणखाणासाठी दरडोई, दरमहा परिपोषण अनुदान मिळते. ते 990 रुपये होते, मग 1650 झाले आणि 2023मध्ये 2450. दिवसाचा हिशेब काढला तर 33, 55 आणि जेमतेम 82 रुपये. त्यात दोन वेळचे जेवण, नाश्ता, दूध भागवायचे.

इतर अनुदानित वसतिगृहांतील मुलांचा दर याच काळात 900, 1500 आणि 2200 होता. म्हणजे ज्याला घास भरवावा लागतो, दिवसातून चार वेळा कपडे बदलावे लागतात, त्याच्यासाठी जास्तीचे मिळतात ते सुमारे एक दशांश. दर वसतिगृहाच्या ताटावरून ठरला आणि वर थोडी भर पडली, एवढेच यातून दिसते. ठाणे जिल्ह्यातल्या कवडासच्या मतिमंद मुलांच्या गृहात मुले कुपोषणाने दगावल्याच्या बातम्या 2010मध्ये आल्या, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पैसा ताटापर्यंत पोचतो का, हा दराइतकाच मोठा मुद्दा तिथे पुढे आला.

अठरा वर्षे पूर्ण झाली की शाळेच्या पटावरून नाव निघते. त्यानंतर प्रौढांची कार्यशाळा, नाहीतर घर. प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने केली. घरी राहणाऱ्या गरीब प्रौढाला संजय गांधी निराधार योजनेतून 2023मध्ये महिना 1500 रुपये मिळू लागले. त्याला सांभाळणाऱ्या आईच्या दिवसाचा मोबदला त्यात धरलेला नाही.