टंकलेखनाचा एक तास

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र आणले. उद्योगनगरीस कामगारांइतकेच कारकूनही लागतात. टंकलेखनाचे वर्ग या गरजेवरच चालले. संत तुकाराम नगरच्या परिसरात आमच्या पिढीने त्यांचा अखेरचा काळ पाहिला. यंत्रे मोजकी, विद्यार्थी पुष्कळ. म्हणून प्रत्येकाच्या वाट्यास रोज एकच तास. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा गाठण्यास महिनेच्या महिने जात. हा रतीब आम्हांस तेव्हा जाचक वाटे.

बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पुढे वाचनात आला. ब्रिटनमधील टपाल कर्मचाऱ्यांना कळफलक शिकवताना त्यांनी सरावाची निरनिराळी वेळापत्रके लावून पाहिली. रोज एकच तास बसणारे सर्वांत कमी तासांत शिकले. रोज चार तास बसणाऱ्यांना अधिक तास लागले. गंमत अशी, की नाराज होते ते एक तासवालेच, कारण त्यांचे दिवस जास्त मोडले. शिकणे आणि शिकल्याचे समाधान या दोन गोष्टी एक नव्हेत, हाच त्याचा अर्थ.

जे वेळापत्रक प्रयोगाने योग्य ठरवले, ते आमच्याकडे यंत्रांच्या टंचाईने घालून दिले होते. संगणक आले, टंचाई सरली आणि तिच्याबरोबर ती शिस्तही. आज देवनागरी टंकन आम्ही दोन दिवसांच्या कार्यशाळेत उरकतो. विद्यार्थी खूश होऊन जातात. महिन्याभराने त्यांच्या बोटांना काय आठवते, हे मात्र आम्ही विचारीत नाही.