आमच्या नाकतोड्याचे रूपांतर

मी बँकेत कारकून आणि शिक्षणाने बी. कॉम. त्यामुळे 'कन्व्हर्शन' म्हटले की मला फक्त डॉलरचे रुपये आठवतात. परवा चिरंजीव म्हणाले, "बाबा, आपल्या नाकतोड्याचं कन्व्हर्शन किट मी घरीच बनवतोय." मी सवयीने विचारून गेलो, "आजचा भाव काय?"

नाकतोडा म्हणजे तामिया या जपानी कंपनीची 'ग्रासहॉपर', रेडिओवर चालणारी शर्यतीची मोटार, मॉडेल 1984 सालचे. माझ्या काकांनी ती 1991 साली मस्कतहून आणली, तेव्हा सगळी चाळ गॅलरीत येऊन उभी होती. दोन वर्षांत बॅटरी मेली. नंतर काकाही गेले. गाडी तीस वर्षे माळ्यावर पडून होती; आमच्या भाषेत 'निष्क्रिय खाते'.

चिरंजिवांनी मला फक्त टॉर्च धरायचे काम दिले. टॉर्च धरताना डोके मोकळे असते, म्हणून मी या मोटारींचा इतिहास वाचायला घेतला. आणि काय सांगू, हे अख्खे घराणेच रूपांतरावर उभे आहे हो!

आता ही तामियाच घ्या. 1946 साली शिझुओका गावात योशिओ तामिया यांनी काढली ती चक्क लाकूड कापायची गिरणी. जोडधंदा म्हणून लाकडी मॉडेले. 1951 साली आग लागली, पुढे इमारती लाकडाचा धंदा सुटला आणि जोडधंदाच धंदा झाला. 1960 साली लाकूड जाऊन प्लॅस्टिक आले. मग 1976 साल उजाडले. चिरंजीव शुनसाकू तामिया (त्यांच्याकडेही चिरंजीव होतेच) यांना पोर्शे 934 या गाडीचे हुबेहूब मॉडेल करायचे होते. त्यासाठी गृहस्थांनी खरीखुरी पोर्शे 911 विकत घेतली आणि मोजमापांसाठी तिचा स्क्रू न् स्क्रू सुटा केला. गाडी सुटी झाली, पण परत जुळेना! शेवटी पोर्शेची माणसे बोलवावी लागली. हे वाचल्यावर मला आमच्या मिक्सरबद्दल वाटणारी लाज पुष्कळ कमी झाली.

एवढा खटाटोप करून झाले काय, तर शोभेचे मॉडेल. ते कपाटात बसायचे. मग त्याच पोर्शेच्या पोटात मोटार, बॅटरी आणि रेडिओ घातला, आणि 1976 सालीच तामियाची पहिली रेडिओ मोटार बाजारात आली. साचे एकदा केले, विक्री दोनदा. असा माणूस आमच्या कर्ज विभागात हवा होता.

अमेरिकेतही तीच कथा. तिथे खाचेतून पळणाऱ्या विजेच्या गाड्यांचे वेड ओसरले, तेव्हा त्या बनवणारे 1970 नंतर रेडिओकडे वळले. 'जेरोबी' नावाची एक छोटी गाडी निघाली. तिच्यात विमानाच्या मॉडेलचे तेलावरचे इंजिन. लगेच दुसऱ्या कंपन्या तिच्यासाठी मोठी टाकी, नवी बॉडी असले सुटे भाग विकू लागल्या. म्हणजे नवरीमुलगी एकाची आणि दागिने चार सोनारांचे. थोड्याच वर्षांत त्या मापाच्या गाड्यांतले तेल गेले आणि बॅटरी आली.

तेव्हा आमचे चिरंजीव काही कुळाला बट्टा लावत नव्हते. त्यांनी नाकतोड्याची छोटी 380 मोटार काढून मोठी 540 बसवली. 'हॉर्नेट' हे नाकतोड्याचे सख्खे भावंड त्याच मोटारीवर चालते, त्यामुळे जागेचा तंटा झाला नाही. जुना 27 मेगाहर्ट्‌झचा रेडिओ काढला. त्या काळी दोघांचा क्रिस्टल एकच निघाला तर माझ्या बटणाने तुमची गाडी वळायची, म्हणून शर्यतीत फळ्यावरचा चिमटा ज्याच्या हाती, त्यानेच रेडिओ लावायचा असा शिरस्ता होता. (चाळीत हा प्रश्न नव्हता. दुसरी गाडीच नव्हती.) नव्या बॅटरीसाठी ॲल्युमिनियमची पट्टी कापून भोके पाडली. पट्टी कुठून आली हे हिला अजून कळलेले नाही.

आता उरला वेग कमीजास्त करायचा जुना यांत्रिक भाग. एक दांडी तांब्याच्या पट्ट्यांवर सरकते आणि गाडी हळू चालवली की वीज रेझिस्टरमधून जाते. वाचलेल्या विजेची उष्णता होते. म्हणजे हळू चालवणाऱ्यालाच चटका! काका दर फेरीनंतर रेझिस्टरला बोट लावून बघायचे आणि "आता जरा विसावा दे तिला," म्हणायचे. एक वायर सुटली होती, ती त्यांनीच स्टोव्हवर खिळा तापवून डाखली होती. जाडजूड, ओबडधोबड डाख.

चिरंजिवांनी तो भाग काढून रद्दीच्या ढिगावर ठेवला. तिथे आता इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसणार होता.

"हे राहू दे," मी म्हणालो.

"बाबा, त्याचा आता काही उपयोग नाही."

"माहीत आहे. तरी राहू दे."

चिरंजिवांनी माझ्याकडे बघितले, मग त्या डाखाकडे. काही बोलले नाहीत. जुना भाग पुन्हा जागेवर स्क्रूने आवळला, वायर मात्र एकही जोडली नाही.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाकतोडा धावला. मागचा आख, मोटार आणि गिअर एकाच डब्यात असल्याने तो अजूनही पूर्वीसारखाच उड्या मारतो. रिमोट माझ्या हातात आला आणि मी बेताबेताने फेरी मारली.

"बाबा, दाबा की जोरात! आता तापत नाही ते."

"हो हो," म्हणत मी गाडी थांबवली, वाकलो आणि रेझिस्टरला बोट लावले. गार होता.