हेबिअस कॉर्पस

न्यायालयीन बातम्यांत वारंवार भेटणारी ही लॅटिन संज्ञा. ‘हेबिअस’ म्हणजे ‘तुझ्यापाशी असावा’ आणि ‘कॉर्पस’ म्हणजे देह. हा आदेश बंदिवानाला नसून त्याला डांबून ठेवणाऱ्याला उद्देशून असतो : त्या व्यक्तीला न्यायालयापुढे सदेह हजर कर आणि अटकेचा आधार सांग. प्रेत या अर्थाचा इंग्रजी ‘कॉर्प्स’ याच शब्दापासून आला. येथे मात्र देह जिवंत माणसाचा अभिप्रेत आहे.

इंग्रजीत ‘रिट ऑफ हेबिअस कॉर्पस’ किंवा ‘हेबिअस कॉर्पस पिटिशन’ असा प्रयोग होतो. मराठी पर्याय ‘देहोपस्थिती’. इंग्लंडमध्ये १६७९ च्या कायद्याने या उपायाला बळकटी आली. आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ व २२६ अन्वये तो मागता येतो. बंदिवानाच्या वतीने नातेवाईकही अर्ज करू शकतात.

आणीबाणीत स्थानबद्धांना हा मार्ग खुला नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७६ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी दिला. न्या. हंसराज खन्ना एकटे विरोधात होते. तो निकाल २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने चुकीचा ठरवला. दोन परकीय शब्दांचे मोल त्यातून कळते.