ग्रीन बिल्डिंगमध्ये एवढा उजेड असतो, मग पडदे का ओढलेले असतात?

बाहेर लख्ख ऊन, छतापर्यंत काच, दारावर ‘ग्रीन बिल्डिंग’ची पाटी. आणि आत? पडदे खाली, दिवे चालू! आयटी पार्कमध्ये काम करणाऱ्यांना हे दृश्य नवीन नाही. वीज वाचवायला बांधलेल्या इमारतीत असं का होतं?

जास्त उजेड म्हणजे चांगला उजेड नव्हे

उजेड ‘लक्स’मध्ये मोजतात. ऑफिसच्या टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स पुरतात. भर दुपारी थेट उन्हात हाच आकडा १ लाखाच्या आसपास जातो. आपला डोळा समोरच्या उजळ भागाशी जुळवून घेतो. त्यामुळे स्क्रीनमागे तळपती खिडकी असेल तर स्क्रीन अंधुक वाटते, डोळे दिपतात, डोकं दुखतं. मग कुणीतरी पडदा ओढतं. ऊन सरकलं तरी तो वर करायला कुणी उठत नाही. दिवसभर दिवे जळतात आणि कागदावर वाचलेली वीज प्रत्यक्षात वाचतच नाही.

मधल्या रांगांचं काय?

खिडकीच्या उंचीच्या साधारण दीड ते दोन पट अंतरापर्यंतच दिवसाचा उजेड नीट पोहोचतो. म्हणजे ३ मीटर उंच खिडकी असेल तर फार तर ५-६ मीटर. त्यापलीकडे दिवे लागतातच. एकाच मजल्यावर खिडकीजवळचा डोळे मिचकावतो, तर मधला म्हणतो, ‘इथे अंधार आहे.’

सेन्सरची गंमत

माणसाची हालचाल थांबली की दिवे बंद करणारे सेन्सर जिन्यात, टॉयलेटमध्ये उत्तम. पण शांतपणे वाचत बसलेल्या माणसाला ‘मी आहे’ हे सांगायला हात हलवावे लागले, तर वैताग येणारच. दिवा कमी-जास्त करणं, पडदा सरकवणं आपल्या हातात असेल तर लोक त्याच प्रकाशात जास्त समाधानी असतात.

प्रश्न फक्त दिसण्याचा नाही

डोळ्याच्या पडद्यावरच्या काही खास पेशी ‘दिवस आहे की रात्र’ हे मेंदूला कळवतात. त्यावरून शरीराचं घड्याळ लागतं. हे घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं, हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. सकाळचा नैसर्गिक उजेड रात्रीच्या झोपेला मदत करतो, तो असा.

मग उपाय काय?

नुसती काच वाढवून भागत नाही, ऊन गाळून आत घ्यावं लागतं. २००४ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते सुरू झालेल्या हैदराबादच्या सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरमध्ये त्यासाठी मधलं अंगण आणि जाळ्या आहेत. पुण्यात हडपसरच्या ‘वन अर्थ’ संकुलात काचेबाहेर झडपांसारख्या पट्ट्या आहेत. आपल्या जुन्या वाड्यांचा चौक तरी वेगळं काय करत होता?

इमारत बदलणं तुमच्या हातात नसेल, तर एवढं नक्की करा:

- स्क्रीन खिडकीला काटकोनात ठेवा. खिडकी समोर नको, पाठीमागेही नको.
- ऊन सरकलं की पडदा वर करा.
- मधल्या रांगेत असाल तर टेबल लॅम्प मागा.

इमारतीला ‘ग्रीन’ प्रमाणपत्र एकदा मिळतं. ती खरंच ग्रीन राहते का, हे मात्र आत बसणाऱ्यांच्या डोळ्यांना काय सोसतं यावर ठरतं. तुमच्या ऑफिसचे पडदे आत्ता वर आहेत की खाली?