शिक्का कोणाच्या हाती?

आलापल्ली-अहेरीकडच्या जंगलातले सागवान बल्लारपूरच्या डेपोकडे निघते, तेव्हा ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याची खूण आणि सोबत वाहतूक परवाना लागतो. वनोपजाच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार १९२७च्या भारतीय वन कायद्याच्या कलम ४१ने सरकारला दिला. माल कुठला आणि तो कोणी तपासला, हे दोन प्रश्न त्यामागे आहेत. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनाही हेच प्रश्न पडले, आणि त्यांची उत्तरे मिळायला बरीच वर्षे गेली.

लिनक्सच्या आरंभकाळात प्रोग्रॅम बहुधा मूळ संहितेच्या रूपात मिळत आणि हाताने बांधावे लागत. एकाला दुसरा लागे, दुसऱ्याला तिसरा. १९९३मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन प्रकल्प जाहीर केला. १९९४मध्ये त्यात ‘डीपीकेजी’ आले, १९९५मध्ये रेड हॅटने ‘आरपीएम’ आणले. प्रोग्रॅम आता गाठोड्यात बांधून येऊ लागला. आवृत्ती कोणती आणि आणखी काय लागते, याची चिठ्ठी आत असे. काय कमी आहे हे डीपीकेजी सांगे, पण ते आणून देत नसे. मार्च १९९९च्या डेबियन २.१ आवृत्तीसोबत आलेल्या ‘एपीटी’ने ते काम उचलले. ‘एपीटी अपडेट’ ही आज्ञा फक्त भांडाराची ताजी यादी आणते. ‘एपीटी अपग्रेड’ त्या यादीप्रमाणे माल बदलते.

भांडारावर विश्वास का ठेवायचा, हा प्रश्न मात्र उरलाच होता. २००७च्या डेबियन ४.०पासून शिक्क्याची तपासणी नेहमीची झाली. प्रत्येक पॅकेजचा गणिती ठसा यादीत असतो, यादीचा ठसा मुख्य पत्रकात, आणि त्या पत्रकावर प्रकल्पाची डिजिटल सही. एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही. त्यामुळे माल कोणत्या वाटेने आला याला महत्त्व उरत नाही. सिरोंच्यासारख्या दूरच्या गावी भांडाराची प्रत एसटीने डिस्कवर नेली, तरी तिची खात्री मुंबईतल्या जोडणीइतकीच पक्की.

हा विषय या जिल्ह्यांपासून दूरचा नाही. देशभरच्या जिल्हा व तालुका न्यायालयांत चालणारी ‘केस इन्फर्मेशन सिस्टिम’ एनआयसीच्या पुणे केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरवर घडवली, आणि न्यायालयांसाठी उबुंटू ही डेबियनचीच शाखा निवडली गेली. पक्षकाराला पुढची तारीख घरबसल्या कळते, त्यामागे अशी यंत्रे असतात. त्यांची पॅकेजे वेळेवर बदलली नाहीत, तर जगाला माहीत झालेली भगदाडे तशीच उघडी राहतात.

शिक्का कोण मारतो, हा पुढचा प्रश्न गडचिरोलीने वेगळ्या संदर्भात सोडवला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सामूहिक हक्क मिळाला. पण परवाना वनखात्याकडे असल्यामुळे बांबू गावाचा असूनही बाहेर जाईना. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे २०१२च्या सुधारित नियमांनी परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे सोपवले. मालकी आणि शिक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या लढ्याने दाखवले.

मुक्त सॉफ्टवेअरमध्येही असेच आहे. संहिता सर्वांची असते, पण सहीची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्या शब्दावर सर्व्हर चालतो. उबुंटूची किल्ली लंडनस्थित कॅनॉनिकल कंपनीच्या पाठबळावरील प्रकल्पाकडे आहे. कोणती किल्ली मानायची हे मात्र सर्व्हरचा चालक ठरवतो, आणि स्वतःचे भांडार व स्वतःची किल्ली उभारायला कोणाची परवानगी लागत नाही. सी-डॅकने डेबियनवरून ‘बॉस’ ही भारतीय आवृत्ती काढली, ती याच मोकळिकीमुळे. परवान्याचे पुस्तक हाती आले की प्रत्येक पावतीचा हिशेब ठेवावा लागतो. किल्ली हाती घेणाऱ्यालाही दर आठवड्याला भगदाडांची खबर घेऊन नवे पॅकेज बांधावे लागते, आणि त्या कामाला माणसे नेमावी लागतात. तेवढी तयारी नसेल, तर शिक्का दुसऱ्याच्याच हाती राहतो.