जुन्या छायाचित्रांची पारख

आपल्या देवघरांत आणि मठांच्या सभामंडपांत देवमूर्तींसमवेत साधुसंतांची व थोर स्त्रीपुरुषांची चित्रे भक्तिभावाने लावलेली असतात. पूजेच्या चित्रास प्रमाणपत्र लागत नाही. भाव तेथे देव. परंतु ‘हे प्रत्यक्ष त्यांचेच छायाचित्र होय’ असे म्हणताच ते विधान इतिहासाच्या कक्षेत येते, आणि इतिहास पुरावा मागतो.

पहिली कसोटी काळाची. छायाचित्रणकला १८३९ साली पॅरिस येथे जाहीर झाली व अल्पावधीतच ती कलकत्त्यास पोहोचली. आरंभीच्या दागेर पद्धतीत रुप्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच प्रतिमा उमटे. काचेवर प्रतिमा घेऊन तिच्या अनेक कागदी प्रती काढण्याची कलोडियन पद्धत १८५१ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणून चित्र कशावर उमटले आहे, हे आधी पाहावे.

महाराणी लक्ष्मीबाईंचे म्हणून एक छायाचित्र सर्वत्र आढळते. ते १८५० साली हॉफमन नामक युरोपीय गृहस्थाने घेतले असे सांगतात आणि कलकत्त्याच्या ‘जॉन्स्टन अँड हॉफमन’ या पेढीशी त्याचा संबंध जोडतात. परंतु ही पेढी १८८० च्या सुमारास उदयास आली. राणीसाहेबांना तर जून १८५८ मध्येच ग्वाल्हेर येथे वीरमरण आले. तेव्हा ही हकीकत काळाच्या कसोटीस उतरत नाही. त्यामुळे राणीसाहेबांच्या थोरवीस यत्किंचितही उणेपणा येत नाही. ग्वाल्हेरची समाधी त्या थोरवीची साक्ष देण्यास समर्थ आहे.

दुसरी कसोटी परंपरेची : चित्र कोठे, केव्हा व कोणासमक्ष घेतले गेले? श्रीरामकृष्ण परमहंसांची छायाचित्रे या दृष्टीने आदर्श होत. २१ सप्टेंबर १८७९ रोजी केशवचंद्र सेन यांच्या घरी ते भावसमाधीत उभे असता एक छायाचित्र घेण्यात आले. त्यांचे भाचे हृदय त्यांस सावरून आहेत. दुसरे १० डिसेंबर १८८१ रोजी कलकत्त्याच्या राधाबाजारातील चित्रशाळेत घेतले गेले. घराघरांत पूजिले जाणारे आसनस्थ चित्र दक्षिणेश्वरचे. स्थळकाळाची नोंद ठेवणाऱ्या शिष्यवर्गाचे हे मोठेच ऋण आहे.

तेच कर्तव्य आज आपणांवर आहे. जुन्या चित्राचा मूळ पुठ्ठा कापू नये, त्यावर रंग चढवू नये. चित्र कोणाचे, कोणाकडून व केव्हा मिळाले, हे मठाच्या वहीत लिहून ठेवावे. आणि जे ठाऊक नाही, ती जागा प्रामाणिकपणे कोरी सोडावी. सत्याची चाड ही भक्तीला बाधक नसून तिचेच एक अंग आहे.