काळा रविवार

१४ एप्रिल १९३५. तुम्ही अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्याच्या पश्चिम टोकाला बॉइझ सिटी नावाच्या छोट्या गावात आहात, आणि आज आभाळ निळंभोर आहे. गेले कित्येक आठवडे इथे धुळीखेरीज काही दिसलेलं नाही. आज ‘पाम संडे’, ईस्टरच्या आधीचा रविवार. चर्च भरलंय, बायकांनी खिडक्यांना टांगलेल्या ओल्या चादरी काढून दारं-खिडक्या सताड उघडल्यात, घराघरांतून फावड्याने धूळ उपसली जातेय.

कुणाच्याही घरात डोकावा. टेबलावर ताटल्या पालथ्या मांडलेल्या दिसतील. जेवण वाढेपर्यंत त्या सुलट्या करायच्या नाहीत, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. उशीवर रात्रभर डोकं टेकलं होतं तेवढीच जागा स्वच्छ. बाकी सगळी मातकट. शेजारच्या खोलीत एक मूल खोकतंय. या खोकल्याला इथे ‘धुळीचा न्यूमोनिया’ म्हणतात, आणि त्याने माणसं दगावतात.

दुपार कलते. आधी पक्षी येतात. उत्तरेकडून थवेच्या थवे, जीव खाऊन दक्षिणेकडे. मग एकाएकी गारठा. तुम्ही वळून पाहता तर क्षितिजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी भिंत उभी आहे. हजारो फूट उंच, वरून खाली कोसळत, गुंडाळत पुढे सरकणारी. विजा नाहीत, गडगडाट नाही.

पळा. गावाबाहेर निघालेली एक अंत्ययात्राही वाटेतच गाठली गेलीय.

आता तुम्हाला स्वतःचा हात दिसत नाही. डोळ्यांसमोर धरलात तरी नाही. रुमाल ओला करून नाकाला लावा. क्षणात त्याचा चिखल होईल. चाचपडत कुंपणाशी आलात तर काटेरी तारेला हात लावू नका. कोरडी धूळ एकमेकांवर घासून हवेत इतकी वीज साठलीय की तारेवर ठिणग्या नाचताहेत. त्याच विजेने मोटारी बंद पडतात, म्हणून गाड्यांमागे जमिनीवर फरफटणाऱ्या साखळ्या बांधलेल्या असतात. धक्का बसेल म्हणून लोक अशा वेळी हस्तांदोलनही टाळतात. तळघरात कुणी गुडघे टेकून प्रार्थना करतंय. जगाचा शेवट आला, असं त्यांना मनापासून वाटतंय. संध्याकाळी हेच वादळ टेक्ससमधल्या पॅम्पा गावी पोचेल. तिथे बावीस वर्षांचा गायक वुडी गथ्री राहतो. तो या वादळावर पुढे गाणं रचेल.

अंधार थोडा निवळला की मूठभर धूळ हातात घ्या. ही कुणाच्या तरी शेताची वरची, सगळ्यांत कसदार माती आहे. या माळावर हजारो वर्षं आखूड, चिवट गवत होतं. पाऊस इथे मुळातच कमी, वारा कायमचा, दुष्काळही ठरलेला. पण गवताच्या मुळांनी माती घट्ट धरून ठेवली होती. पहिल्या महायुद्धात गव्हाला सोन्याचा भाव आला. ट्रॅक्टर आले, लाखो एकर गवताळ रान उलथंपालथं झालं. १९३१ साली गहू उदंड पिकला आणि भाव कोसळला. लोकांनी जमिनी तशाच उघड्या टाकल्या, पाठोपाठ पाऊस गेला. म्हणून या वादळाला निव्वळ अस्मानी संकट म्हणणं मला पटत नाही. वारा अस्मानी होता. माती मोकळी केली ती माणसाने. आणि शेतकऱ्यालाच एकट्याला दोष देणंही अन्यायाचं होईल: गहू वाढवा, असा घोशा त्याच्यामागे सरकारनेच लावला होता.

मृदातज्ज्ञ ह्यू बेनेट हा धोका कित्येक वर्षं कानीकपाळी ओरडून सांगत होते. या रविवारनंतर तेराव्या दिवशी, २७ एप्रिलला, मृदासंधारणाचा कायदा झाला. उताराला आडवी नांगरट, पट्टापेरणी, वारा अडवणाऱ्या झाडांच्या रांगा सुरू झाल्या. बरेच लोक कॅलिफोर्नियाकडे निघून गेले, पण त्याहून जास्त इथेच तग धरून राहिले. उजाड झालेल्या काही जमिनी सरकारने विकत घेतल्या आणि तिथे पुन्हा गवत पेरलं. बॉइझ सिटीच्या ईशान्येला, कॅन्सस राज्यात, अशा जमिनीचं आज ‘सिमॅरॉन नॅशनल ग्रासलँड’ झालं आहे: एक लाख एकरांहून अधिक.